वर्धा-प्राणहितेचे दोन तीर

सिद्धार्थ गौतमाने गृहत्याग का केला, या प्रश्नाचे परंपरागत उत्तर आपणा सर्वांस ठाऊक आहे. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी दृष्टीस पडले व राजपुत्राचे मन संसारातून उडाले, असे ते उत्तर आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते तर्काच्या कसोटीवर घासून नाकारले आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्या जागी एक नदी आणली. रोहिणी ही शाक्य आणि कोलिय या दोन गणराज्यांमधील सीमा. दोन्ही तीरांवरची शेते तिच्याच पाण्यावर पिकत. पाणी आधी कोणी घ्यावे यावरून कलह होई. तो युद्धाच्या ठरावापर्यंत पोहोचला, तेव्हा सिद्धार्थाने संघाच्या सभेत विरोध केला आणि परिव्रज्या स्वीकारली.

हे लिहिणारी लेखणी नद्यांच्या प्रश्नाशी अपरिचित नव्हती. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना पाटबंधारे आणि वीज हे विषयही बाबासाहेबांकडे होते. दामोदर आणि महानदी या नद्यांच्या योजनांचा पाया त्या काळात घातला गेला. नदीचे खोरे हा एकच घटक मानावा, प्रांतांच्या सीमांनी त्याचे तुकडे पाडू नयेत, ही त्यामागची भूमिका होती. पाठ्यपुस्तकात या कामाला दोन ओळीही मिळत नाहीत, याची खंत वाटते.

रोहिणी दूरची. परंतु आपल्या शाळेत राजुरा, जिवती, गोंडपिपरी, सिरोंचा या तालुक्यांतून जी मुले येतात, त्यांची गावेही अशाच एका सीमेवरच्या नदीकाठी किंवा तिच्या आसपास आहेत. त्या नदीने, तिच्या उतारांनी आणि तिच्यावरून गेलेल्या रेल्वेने आपल्या समाजाला कसे घडवले, हे थोडक्यात मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम भूगोल. वर्धा नदी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात, सातपुड्यात उगम पावते. घुग्घुसजवळ वढा येथे तिला पैनगंगा मिळते. पुढे चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र होतात व त्या संगमापासून नदीला प्राणहिता हे नाव प्राप्त होते. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. समोरच्या तीरावर कालेश्वर. तेथून काही अंतरावर बस्तरकडून आलेली इंद्रावतीही गोदावरीत येते. महाराष्ट्र, तेलंगणा आणि छत्तीसगड या तीन राज्यांच्या सीमा या जलरेषांनी आखल्या आहेत.

नदी ही सीमा म्हणून नकाशावर फार सोयीची असते. आखणाऱ्याला दगड रोवावे लागत नाहीत. जमिनीवर मात्र नदी माणसांना तोडते त्यापेक्षा जोडते अधिक, कारण दोन्ही काठांवरची वस्ती एकाच पाण्यासाठी आलेली असते. उन्हाळ्यात पात्र आटले की बैलगाड्या उताराने पलीकडे जात. पावसाळ्यात ढिवर, केवट, भोई यांचे डोंगे चालत. लग्नसंबंध, बाजार, जत्रा, सुगीची मजुरी हे सारे उताराच्या आधाराने ठरे. ज्या गावाला उतार, त्या गावाला पलीकडे सोयरे. पाली भाषेत उताराच्या जागेला ‘तित्थ’ म्हणतात आणि आपला ‘तीर्थ’ हा शब्द त्याच कुळातला. तथागतांनी पाटलिग्रामाहून गंगा ओलांडली, ती जागा गोतमतित्थ म्हणून ओळखली गेली, असे महापरिनिब्बान सुत्तात नमूद आहे. म्हणजे पावित्र्य नंतरचे. आधी ती माणसाला पार नेणारी वाट होती.

ही वाट सर्वांना सारखी नव्हती, हे आपल्या वडीलधाऱ्यांना निराळे सांगावे लागत नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगाला सवर्णांचा घाट आणि खालच्या अंगाला अस्पृश्यांचा पाणवठा, ही रचना गावोगाव होती. नदी वाहती असूनही तिचे पाणी विटाळते असे मानणारी बुद्धी पाणवठ्याची जागा मात्र अचूक हिशेबाने ठरवीत असे.

आता इतिहास. एकोणिसाव्या शतकात वर्धेचा डावा तीर नागपूरच्या भोसल्यांकडे आणि १८५३ नंतर इंग्रजांकडे होता. उजव्या तीरावर राजुरा व त्यापुढे निजामाचे हैदराबाद संस्थान होते. खाली गोदावरीच्या डाव्या तीरावरही निजामाचे तालुके होते. १८६० च्या तहाने ते इंग्रजांकडे आले आणि त्यांबरोबर गोदावरीतून निर्वेध नौकानयनाची हमीही आली. त्यामागचे कारण कापूस होते. वऱ्हाडचा व हिंगणघाटचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीच्या पाण्यावरून थेट पूर्व किनाऱ्यास न्यावा, ही सर आर्थर कॉटन यांनी उचलून धरलेली योजना होती. नदीत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. ते टाळण्यासाठी बांध व कालव्यांची कामे सुरू झाली. सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बनले. त्या परिसरातील ग्लासफोर्डपेठा हे गावाचे नाव त्या काळाची खूण म्हणून आजही उभे आहे.

परंतु १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. कापसाच्या गाठी पश्चिमेकडे, मुंबईकडे वळल्या. नदीमार्गावरचा खर्च डोईजड ठरला आणि १८७१ मध्ये ते काम सोडून देण्यात आले. १८७४ मध्ये अप्पर गोदावरी जिल्हाच मोडला व सिरोंचा तहसील चांदा जिल्ह्यास जोडली गेली. पाण्याच्या राजमार्गावरचे बंदर व्हायचे ते गाव जिल्ह्याचे शेवटचे टोक झाले. तेथे रेल्वे आजही नाही. गडचिरोली हे जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असल्याने दवाखाना, बाजार आणि वरचे शिक्षण यांसाठी सिरोंचाचा माणूस नदीपलीकडे मंचेरियल, वरंगळकडे पाहतो. घरात तेलुगू, शाळेत मराठी, अशी तेथील मुलांची रीत आहे.

सिरोंचाच्या नदीकडे राज्यकर्त्यांची दृष्टी पुन्हा वळली ती थेट आपल्या काळात. २०१६ मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्यात करार झाला आणि गोदावरीवर मेडिगड्डा येथे कालेश्वरम प्रकल्पाचे धरण उभे राहिले. जून २०१९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पाणी तेलंगणाच्या शेतीसाठी. बुडणारी शेते मात्र सिरोंचा तालुक्यातीलही. मोबदल्यासाठी तेथील शेतकऱ्यांना आंदोलने करावी लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या धरणाचे खांब खचले. कापसासाठी असो वा पाण्यासाठी, योजना आखणाऱ्यांच्या कागदावर सिरोंचा ही नेहमी नदीकाठची एक जागा होती. तेथे माणसे राहतात ही बाब पुढच्या पानावर येते.

आता सिरोंचा सोडून वर, वर्धेच्या काठाने चंद्रपूरकडे येऊ, कारण रेल्वेचे खरे नाट्य तेथे घडले. वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंतची लोहवाट १८७० च्या दशकात टाकली गेली, ती कोळशासाठी. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली आणि बल्लारपूरच्या कोळशाला महत्त्व आले. रूळ दक्षिणेकडे सरकले ते वर्धेच्या काठाशी येऊन थांबले. पलीकडे निजामाचे राज्य.

या रेल्वेने आपल्या समाजाला दिले काय आणि त्याच्याकडून घेतले काय, याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. या भागातील महार समाजात जाडेभरडे सुती कापड विणण्याचा व्यवसाय मोठा होता. गावकीच्या कामांखेरीज स्वतःच्या हाताची अशी ती एक मिळकत होती. रेल्वेने कापूस बाहेर नेला आणि गिरणीचे स्वस्त कापड आत आणले. माग बंद पडत गेले. त्याच रेल्वेने मग त्या विणकरांच्या मुलांना नागपूरच्या गिरण्यांत, सरकी काढण्याच्या जिनांत, कोळशाच्या खाणींत आणि रुळांच्या कामावर नेले. तेथे कष्ट होते, धूळ होती, अपघात होते. पण बलुत्याऐवजी रोख पगार होता आणि पाटलाच्या वाड्यासमोर उभे राहण्याची गरज नव्हती. विदर्भात आंबेडकरी चळवळीला जो पक्का आधार मिळाला, त्यात या रोख पगारावर जगणाऱ्या वस्त्यांचा वाटा फार मोठा आहे, असे माझे मत आहे. शेतीवर विसंबलेल्या माणसाला सभेची वर्गणी देतानाही मालकाचा चेहरा आठवत असे.

रेल्वेचा डबा जातीनुसार विभागलेला नव्हता. तिकीट काढले की बाक मिळे. मात्र या समतेची हद्द फलाटापर्यंतच होती. स्थानकावर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे असे. अस्पृश्य प्रवाशाने कोणत्या घड्याकडे जावे? १९०१ मध्ये बालवयातील भीमराव भावंडांसह मसूर स्थानकावर उतरले. गाडीने त्यांना तेथवर व्यवस्थित आणले होते; जात कळताच बैलगाडीवाला मिळेना आणि वाटेत पाणी मिळेना. १९२९ मध्ये चाळीसगावला तर ते बॅरिस्टर आणि सरकारी समितीचे सदस्य म्हणून आले होते. टांगेवाल्यांनी अस्पृश्याचा टांगा हाकण्यास नकार दिला, वस्तीतल्या अननुभवी माणसाने लगाम धरला आणि नदीवरच्या पुलापाशी टांगा आपटून बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. रेल्वे आणि गाव यांच्यामधले ते थोडेसे अंतर इंजिनाने कापता येण्यासारखे नव्हते.

त्याच १९२९ साली आपल्या भागात एक गोष्ट घडली. काझीपेठ ते बल्लारशाह हा मार्ग पूर्ण झाला. वर्धेवर पूल झाला, निजामाच्या रेल्वेचे रूळ इंग्रजी मुलखातील रुळांना मिळाले आणि दिल्ली व मद्रास ही शहरे नागपूरमार्गे सरळ जोडली गेली. ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस त्याच वर्षीची. आजवर घाटाने, डोंग्याने ओलांडायची ती राज्यसीमा आता खडखडत काही मिनिटांत मागे पडू लागली. बल्लारशाह हे सीमेवरचे जंक्शन झाले. नदीचे पाणी, जंगलातील बांबू, जवळचा कोळसा आणि ही लोहवाट एकत्र आल्यानेच पुढे बल्लारपूरला कागद कारखाना उभा राहू शकला. पलीकडे निजामाच्या हद्दीत सिरपूरजवळ याच कारणांनी कागदनगर वसले. एका नदीच्या दोन बाजूंना, एकाच लोहमार्गावर, एकाच मालाची दोन गावे. त्यांच्या कामगार वस्त्यांत मराठी, तेलुगू, हिंदी आणि गोंडी अशा चार भाषा कानी पडत.

विचारही याच वाटेने आले-गेले. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, त्या अधिवेशनाचे अध्यक्ष मद्रासचे रावबहादूर एन. शिवराज होते. मद्रास आणि नागपूर एकमेकांच्या इतके जवळ येण्याला तेरा वर्षांपूर्वीच्या त्या पुलाचा हातभार होता, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती नव्हे. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी हैदराबाद संस्थानातील अस्पृश्यांना निजामाची बाजू घेऊ नका असे निक्षून सांगितले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईने संस्थान भारतात विलीन झाले. वर्धेची रेषा आंतरराष्ट्रीय होता होता राहिली. दोन राज्यांमधली सीमा मात्र ती होतीच.

आणि मग १९५६ चा ऑक्टोबर. हा महिना आपण धम्मदीक्षेसाठी स्मरतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याकडे नकाशा पुढ्यात घेऊनही पाहावे. १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा झाली. १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा त्या आयोजनात पुढाकार होता. त्या दिवशी चंद्रपूर महाराष्ट्रात नव्हते, कारण महाराष्ट्र नावाचे राज्यच नव्हते. चंद्रपूर मध्य प्रदेशात होते आणि नदीपलीकडचे राजुरा हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात. दीक्षाभूमीवर पलीकडून जो कोणी आला असेल, तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आला होता. सोळा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचनेने चंद्रपूर आणि राजुरा ही दोन्ही ठिकाणे मुंबई राज्यात गेली. माणसाने धर्म बदलला आणि त्याच पंधरवड्यात त्याच्या पायाखालचे राज्यही बदलले, अशी उदाहरणे इतिहासात थोडी असतील.

बाबासाहेबांना या पुनर्रचनेविषयी नुसता उत्साह नव्हता, हेही सांगितले पाहिजे. १९५५ च्या ‘भाषावार प्रांतांविषयी विचार’ या पुस्तिकेत त्यांनी मराठी भाषकांची एकाऐवजी चार राज्ये सुचवली होती; त्यांपैकी पूर्व महाराष्ट्र म्हणजे आपला भाग. एका भाषेचे मोठे राज्य म्हणजे बहुसंख्य जातीचे राज्य होण्याची आणि लहान समाज त्याखाली दबण्याची भीती त्यांनी स्पष्ट मांडली होती.

नव्या सीमेने राजुऱ्याजवळ नदी सोडली आणि ती दक्षिणेकडे डोंगराळ प्रदेशात सरकली. खाली पोडशापाशी मात्र वर्धा अद्याप सीमाच आहे: अलीकडे गोंडपिपरी, पलीकडे सिरपूर. राजुरा तालुका भाषेच्या निकषावर मुंबई राज्यात आला खरा, पण त्याला जोडले नांदेड जिल्ह्याला. नदीपलीकडे जवळच चंद्रपूर असताना जिल्ह्याच्या कामासाठी नांदेडची वाट! १९५९ मध्ये राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात आला, तेव्हा कुठे नकाशा आणि उतार यांचा मेळ बसला. बल्लारपूर-राजुरा रस्त्यावरच्या पुलावर आजही पुराचे पाणी चढते आणि वाहतूक थांबते. तेव्हा वर्धा आपली जुनी सीमा काही काळ पुन्हा आखून दाखवते.

दक्षिणेकडे सरकलेली ती रेषा सर्वत्र स्पष्ट झाली नाही. जिवती तालुक्यातील परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर आदी चौदा गावांवर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. तेथे दोन ग्रामपंचायती, दोन शिधापत्रिका, दोन मतदार याद्या आणि मराठी व तेलुगू अशा दोन शाळा नांदत आल्या. दुहेरी लाभाची गावे म्हणून वर्तमानपत्रे त्यांचे कौतुक छापतात. जमिनीच्या पट्ट्याचा विषय निघाला की हे कौतुक संपते. या वस्त्यांत मराठवाड्यातून पोटासाठी आलेली आपली बौद्ध कुटुंबे आहेत, बंजारा तांडे आहेत. त्यांच्यासाठी सीमा ही डोंगरावरची रेषा नसून दाखल्यावरचा शिक्का आहे. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. सीमेपलीकडे तेलंगणात लंबाडा म्हणून तोच समाज अनुसूचित जमातींत आहे. सख्ख्या चुलतभावांच्या मुलांना दोन वेगळ्या अनुसूचीत बसवणारी ही रेषा आहे.

बौद्धांची गोष्टही फारशी निराळी नाही. महाराष्ट्र शासनाने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना लवकर दिल्या. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. मधल्या तीन दशकांत पलीकडच्या तीरावरच्या आपल्या सोयऱ्यांनी कागदावर जुनीच नोंद कायम ठेवली असेल, तर त्यात नवल नाही आणि त्याबद्दल त्यांना बोल लावण्याचा अधिकार अलीकडच्यांना पोहोचत नाही.

आपल्या पालकांसाठी हा इतिहास केवळ वाचनाचा नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्धांच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. विमुक्त जातींसाठी हा दिनांक २१ नोव्हेंबर १९६१ आहे. १० ऑगस्ट १९५० रोजी राजुरा हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होते, हे वर आलेच आहे. संस्थानी काळातील महसुलाचे दप्तर उर्दूत लिहिलेले असे. आजोबांचे नाव सापडत नाही म्हणून हताश झालेल्या कुटुंबाने ते देवनागरीत शोधलेले असते, हे अनेकदा ध्यानात येत नाही. सून पलीकडच्या तीरावरची असेल तर तिची जात लग्नाने नव्हे, माहेराने ठरते. तिचे मूळ कागद सिरपूर, आसिफाबाद किंवा चेन्नूरच्या बाजूलाच पाहावे लागतात.

राजुरा परिसरातील पालकांनी म्हणून आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर प्रथम पाहावे, नंतर तहसील कार्यालयातील जुने उतारे. उर्दू नोंद मिळाल्यास जाणकाराकडून तिचे मराठी भाषांतर करून घ्यावे आणि मूळ पानाची प्रमाणित नक्कल त्यासोबत ठेवावी. खाणीत, रेल्वेत किंवा कागद कारखान्यात नोकरी केलेल्या वडीलधाऱ्यांची सेवापुस्तिका घरात असेल तर तिच्या पहिल्या पानावर जन्मगाव आणि जात यांची नोंद बहुधा आढळते. मूल दहावीला जाण्याची वाट न पाहता हे पान या दिवाळीच्या सुटीतच शोधावे.